शस्त्रक्रिया आणि भुलीनंतर मुलांच्या वागण्यात पडणारा फरक कसा मोजावा

टॉन्सिल, हर्निया, न उतरलेला अंडकोष, फाटलेला ओठ, वाकडे पाऊल, किडलेले दात अशा अनेक कारणांसाठी लहान मुलांना पूर्ण भूल द्यावी लागते. शस्त्रक्रिया नीट पार पडते, टाके भरून येतात, आणि तरीही पंधरा दिवसांनी तपासणीला आलेली आई सांगते की पोर रात्री दचकून उठते, दिवसभर मागे मागे करते, आणि पांढरा कोट दिसला की पदरात तोंड लपवते. घरातली माणसे याला ‘भूल अजून उतरली नाही’ असे म्हणतात. रुग्णालयाच्या कागदावर मात्र यातले काहीच येत नाही, कारण तिथे जखम, ताप, लघवी आणि खाणे यांना रकाने असतात, वागण्याला रकाना नसतो. हा रकाना कसा तयार करावा आणि तो प्रामाणिकपणे कसा भरावा, हे प्रामुख्याने भूलतज्ज्ञ, बालशल्यचिकित्सक, परिचारिका आणि या विषयावर प्रबंध लिहिणारे निवासी डॉक्टर यांच्यासाठी येथे क्रमाने मांडले आहे. पालकांनाही त्यातला बराच भाग उपयोगी पडेल.

विषय नवा नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड लेव्ही यांनी १९४५ साली शस्त्रक्रियेनंतर मुलांच्या मनावर उमटणाऱ्या आघाताविषयी लिहिले होते, आणि १९५३ साली भूलतज्ज्ञ एकेनहॉफ यांनी भूल देण्याची पद्धत आणि नंतर बदललेला स्वभाव यांचा संबंध तपासला होता. १९६६ साली व्हर्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून परतलेल्या मुलांच्या वागण्यासाठी २७ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, जी पीएचबीक्यू या नावाने आजही वापरली जाते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ झीव केन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी ५४ टक्के मुलांच्या वागण्यात काही ना काही त्रासदायक बदल आढळला, आणि २० टक्के मुलांत असे बदल सहा महिन्यांपर्यंत टिकले. दुःस्वप्ने, आईवडिलांपासून दूर होण्याची भीती, खाण्याच्या तक्रारी आणि डॉक्टरांची वाढलेली धास्ती या गोष्टी त्यांत प्रामुख्याने होत्या. हे आकडे त्या काळच्या, त्या ठिकाणच्या मुलांचे आहेत. आपल्या वॉर्डातल्या मुलांचे आकडे आपल्यालाच गोळा करावे लागतील.

पहिली पायरी: नेमके काय मोजायचे ते आधी ठरवा

या क्षेत्रातील सर्वांत मोठा गोंधळ असा की चार वेगवेगळ्या गोष्टी ‘मूल चिडचिड करते’ या एकाच वाक्यात कोंबल्या जातात. भूल देण्यापूर्वीची भीती ही पहिली गोष्ट होय. शुद्धीवर येताना पहिल्या अर्ध्या तासात होणारी बेभान तडफड ही दुसरी, शस्त्रक्रियेची वेदना ही तिसरी, आणि घरी गेल्यावर काही दिवस ते काही महिने टिकणारा वागण्यातला फरक ही चौथी. या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, परंतु प्रत्येकीची वेळ वेगळी, निरीक्षक वेगळा आणि मोजपट्टीही वेगळी आहे. केन यांच्याच गटाने २००४ साली दाखवले की शस्त्रक्रियेपूर्वी भीतीचे गुण १० ने वाढले तर घरी नवे त्रासदायक वागणे सुरू होण्याची शक्यता सुमारे १२.५ टक्क्यांनी वाढते, आणि शुद्धीवर येताना ज्या मुलांचा गोंधळ ठळक असतो त्यांच्यातही ही शक्यता अधिक असते. म्हणून घरच्या वागण्याचा अभ्यास करायचा असला तरी आधीच्या तिन्ही गोष्टींची नोंद लागतेच, कारण तिच्यावाचून नंतर कारणांचा उलगडा होत नाही.

भुलीमुळे मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो का, हा पाचवा प्रश्न पालक हमखास विचारतात, आणि तो या चौघांपासून कटाक्षाने वेगळा ठेवावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांपेक्षा जास्त वेळ किंवा वारंवार पूर्ण भूल देण्याबाबत सावधगिरीची सूचना दिली. त्यानंतर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गॅस’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी साधारण तासाभराची पूर्ण भूल मिळालेली बाळे आणि केवळ कमरेखालची भूल मिळालेली बाळे यांची पाचव्या वर्षी तुलना झाली, तेव्हा बुद्धिमापनात फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर अंथरूण ओले करणारे मूल आणि मेंदूच्या वाढीविषयीचा हा वाद यांची सांगड घालून पालकांना घाबरवणे चुकीचे आहे, आणि वागण्याची प्रश्नावली त्या वादाचे उत्तर देऊही शकत नाही.

दुसरी पायरी: मूल आधी कसे होते

माझ्या मते या सगळ्या कामात सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वाधिक महत्त्वाची पायरी हीच आहे. ‘बदल’ हा शब्द दोन नोंदींमधल्या अंतराला लावायचा असतो, आणि आपल्याकडील बहुतेक कामात दुसरी नोंद तेवढी असते. व्हर्नन यांची प्रश्नावली पालकांना शस्त्रक्रियेपूर्वीच्या आठवणीशी तुलना करायला सांगते, आणि आठवण दगा देते: चार रात्री जागून काढलेल्या आईला वाटते की आधी हे पोर अगदी शांत झोपायचे, जरी पूर्वीही ते आठवड्यातून दोनदा रडत उठत असले तरी. म्हणून भूलपूर्व तपासणीच्या दिवशी, म्हणजे शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी, तेच प्रश्न साध्या स्वरूपात विचारून ठेवावेत. मूल रात्री किती वाजता झोपते, किती वेळा उठते, अंथरूण ओले करते का, अनोळखी माणसांना घाबरते का, जेवायला किती वेळ लावते, हट्ट किती वेळा करते, हे ‘कधीच नाही’, ‘कधीकधी’, ‘बहुतेक रोज’ अशा तीन उत्तरांत मांडता येते. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी ही विचारणा करू नये, कारण त्या वेळी उपाशी मूल आणि धास्तावलेले पालक दोघेही नेहमीसारखे नसतात.

याच भेटीत आणखी काही गोष्टी लिहून घ्याव्यात: मुलाचे वय महिन्यांसह, पूर्वीचे दवाखान्यातले अनुभव (विशेषतः सुई टोचताना धरून ठेवावे लागले होते का), घरात नुकतेच भावंड जन्मले आहे का, शाळा किंवा अंगणवाडी नुकतीच सुरू झाली आहे का, आणि आई किंवा वडील स्वतः किती घाबरलेले आहेत. लहान वय, बुजरा स्वभाव, पूर्वीचा वाईट अनुभव आणि पालकांची चिंता हे घटक नंतरच्या बदलांशी जोडलेले आढळले आहेत, त्यामुळे हे रकाने रिकामे राहिले तर पुढचे विश्लेषण लंगडे पडते.

उत्तर कोण देणार हेही याच दिवशी ठरवावे. आपल्याकडे मुलाला रुग्णालयात आई आणते, फोन वडिलांच्या खिशात असतो, आणि मूल दिवसभर आजीजवळ असते. पहिल्या वेळी आईने, दुसऱ्या वेळी वडिलांनी आणि तिसऱ्या वेळी काकूने उत्तर दिले, तर आपण मुलातला फरक न मोजता तीन माणसांच्या नजरेतला फरक मोजू. मुलाजवळ सर्वांत जास्त वेळ असणारी एक व्यक्ती निवडावी, तिचे नाते नोंदीत लिहावे, तिच्याशी बोलण्याची सोयीची वेळ विचारून घ्यावी, आणि शेवटपर्यंत तिच्याशीच बोलावे.

तिसरी पायरी: प्रश्नावली मराठीत आणणे

येथे थोडे रेंगाळायला हवे, कारण बहुतेक प्रबंध इथेच कमकुवत होतात. मूळ प्रश्नावलीचे २७ प्रश्न सहा गटांत पडतात: सर्वसाधारण चिंता व मागे जाणारे (म्हणजे वयापेक्षा लहान मुलासारखे) वागणे, दूर होण्याची भीती, झोपेविषयीची चिंता, खाण्यातला बिघाड, मोठ्यांविरुद्ध आक्रमकपणा, आणि उदासीनता किंवा अलिप्तपणा. प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरे असतात: पूर्वीपेक्षा खूपच कमी, कमी, पूर्वीइतकेच, जास्त, खूपच जास्त. २०१५ साली याच प्रश्नावलीतून ११ प्रश्नांची छोटी आवृत्ती तयार झाली, जी त्याच दिवशी घरी जाणाऱ्या मुलांसाठी आहे. फोनवरून विचारायचे असेल तर ही छोटी आवृत्ती बरी, कारण २७ प्रश्न ऐकताना समोरचे माणूस दहाव्या प्रश्नानंतर सरसकट ‘तसंच आहे’ म्हणू लागते.

भाषांतर शब्दाला शब्द करून भागत नाही. चोखणी तोंडात धरण्याविषयी मूळ प्रश्नावलीत एक प्रश्न आहे, पण आपल्याकडच्या पुष्कळ घरांत चोखणी वापरतच नाहीत, अंगठा चोखण्याचा प्रश्न मात्र इथेही तितकाच लागू पडतो. झोपायला जाताना मूल कटकट करते का, हा प्रश्न वेगळ्या खोलीत वेगळ्या पलंगावर झोपणाऱ्या मुलाचा विचार करून लिहिलेला आहे, तर आपल्याकडे मूल बहुधा आईच्या कुशीत झोपते. अशा घरात हाच प्रश्न ‘आई बाजूला नसताना झोपतो का, आधी झोपायचा का’ असा विचारावा लागतो. एकटे सोडण्याचा प्रश्नही असाच आहे, कारण एका खोलीच्या घरात मूल एकटे राहण्याचा प्रसंगच येत नाही. तिथे ‘तुम्ही पाण्याला किंवा दुकानात गेलात तर मागे रडतो का’ हे विचारणे अधिक खरे ठरते. प्रश्न असा बदलला की तो बदल लेखी नोंदवावा आणि निष्कर्षात सांगावा, कारण बदललेली प्रश्नावली ही मूळ प्रश्नावली राहत नाही, आणि तिच्या गुणांची परदेशी गुणांशी थेट तुलना करता येत नाही.

दुसरी अडचण व्याकरणाची आहे. ‘भूक मंद असणे’ या वाक्यापुढे ‘पूर्वीपेक्षा जास्त’ हे उत्तर आले की ऐकणाऱ्याला भूक वाढली असे वाटते, आणि नेमके उलटे उत्तर नोंदले जाते. ‘बोलते करणे कठीण जाते’, ‘कशातच रस घेत नाही’ या प्रश्नांचेही तसेच होते. यावर मला सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे प्रश्न दोन टप्प्यांत विचारणे. आधी ‘सध्या जेवणाची कुरकुर करतो का?’ असे विचारावे, आणि मग ‘ऑपरेशनच्या आधी जेवढी करायचा तेवढीच, की कमी, की जास्त?’ असे विचारून, जास्त असेल तर ‘थोडी जास्त की पुष्कळच?’ हे निश्चित करावे. यात वेळ थोडा जास्त जातो, परंतु उत्तर भरवशाचे मिळते.

शब्द बोलीतले हवेत. ‘विभक्तीकरणाची चिंता’ असे छापील भाषांतर कुणालाही कळणार नाही, ‘मागे मागे करतो’, ‘सोडत नाही’, ‘चिकटून राहतो’ हे शब्द कळतात. ‘संतापाचा उद्रेक’ म्हणण्यापेक्षा ‘आदळआपट करतो’, ‘जमिनीवर लोळण घेतो’ असे विचारावे. एका व्यक्तीने मराठीत भाषांतर करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीने ते पुन्हा इंग्रजीत न्यावे, दोन्ही ताडून पाहावेत, आणि मग आपल्याच परिसरातल्या दहा-बारा पालकांना प्रत्येक प्रश्न वाचून दाखवून ‘यातून तुम्हांला काय समजले?’ असे विचारावे. नागपूरकडचे शब्द आणि सिंधुदुर्गातले शब्द एक नसतात, म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातला मसुदा मिळाला तरी शेवटची ही तपासणी आपल्या वॉर्डात करावीच. प्रमाणित मोजपट्ट्या वापरताना त्यांच्या मालकांची परवानगी लागते का, हेही भाषांतर सुरू करण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

चौथी पायरी: शस्त्रक्रियेच्या दिवशीच्या तीन नोंदी

भूल देण्यापूर्वीची भीती मोजण्यासाठी सुधारित येल मोजपट्टी वापरतात, जिला एम-वायपास म्हणतात. केन आणि सहकाऱ्यांनी ती १९९७ साली प्रसिद्ध केली. निरीक्षक मुलाच्या पाच गोष्टी पाहतो: हालचाल, आवाज, चेहऱ्यावरचे भाव, सावधपणाची अवस्था आणि पालकांचा आधार घेण्याची रीत. आवाजाला ६ पातळ्या आहेत, बाकी चौघांना प्रत्येकी ४. मिळालेल्या पातळीला एकूण पातळ्यांनी भागायचे, पाचही भागाकारांची बेरीज करायची आणि तिला २० ने गुणायचे, म्हणजे गुण २३.३ ते १०० यांमध्ये येतात. समजा, मुलाची हालचाल २, आवाज ३, भाव २, सावधपणा २ आणि पालकांचा आधार ३ नोंदवला, तर भागाकार ०.५, ०.५, ०.५, ०.५ आणि ०.७५ असे येतात, त्यांची बेरीज २.७५ होते आणि गुण ५५ होतात. साधारणतः ३० च्या वर गुण असलेले मूल घाबरलेले मानले जाते. ही नोंद निदान दोनदा करावी: प्रतीक्षा कक्षात आणि मास्क चेहऱ्यावर ठेवताना किंवा सुई टोचताना. जो भूलतज्ज्ञ भूल देत आहे त्याने गुण देऊ नयेत, कारण त्याचे लक्ष मुलाच्या श्वासावर असायला हवे आणि शिवाय आपल्या कामाचे गुण आपणच देणे योग्य नाही.

दुसरी नोंद शुद्धीवर येतानाची. सेव्होफ्लुरेनसारख्या वायूने भूल दिल्यावर, विशेषतः दोन ते पाच वर्षांच्या मुलांत, डोळे उघडे पण ओळख नाही, आईने घेतले तरी तिलाच ढकलणे, हातपाय झाडणे, सलाईन ओढणे असा प्रकार दिसतो. तो बहुधा अर्ध्या तासात आपोआप शमतो. सिकिच आणि लर्मन यांनी २००४ साली यासाठी पीएईडी ही मोजपट्टी दिली. तिच्यात पाच गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला ० ते ४ गुण: मूल नजरेला नजर देते का, त्याच्या हालचालींना हेतू आहे का, आजूबाजूचे भान आहे का, अस्वस्थ आहे का, आणि समजूत घालता येत नाही का. पहिल्या तिघींचे गुण उलटे असतात, म्हणजे भान अजिबात नसेल तर ४ आणि पूर्ण असेल तर ०, तर शेवटच्या दोघींत अस्वस्थता जितकी जास्त तितके गुण जास्त. नवीन परिचारिकेकडून इथेच चूक होते, म्हणून छापील नमुन्यावर प्रत्येक खुणेसमोर गुण लिहून ठेवावेत. १० किंवा त्याहून अधिक गुण असल्यास बेभान अवस्था मानायची की १२ पासून मानायची यावर एकमत नाही. आपण कोणता उंबरठा घेतला ते आधी लिहावे आणि निकाल पाहिल्यावर तो बदलू नये. शुद्धीवर आल्यापासून दर पाच मिनिटांनी, अर्ध्या तासापर्यंत, गुण घ्यावेत आणि त्यांतला सर्वोच्च आकडा विश्लेषणात धरावा.

मात्र गुण देण्याआधी मूल सुरक्षित आहे ना, हे पाहायचे. ऑक्सिजन कमी पडणे, साखर उतरणे, मूत्राशय तुंबणे, थंडी वाजणे, घट्ट प्लास्टर, डोळ्यावरची पट्टी यांनीही मूल तसेच तडफडते. ही कारणे तपासल्याशिवाय ‘भुलीचा गोंधळ’ असे लिहून मोकळे होणे धोक्याचे आहे.

तिसरी नोंद वेदनेची. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत या पाच गोष्टींना ० ते २ गुण देणारी फ्लॅक मोजपट्टी १९९७ पासून वापरात आहे, आणि बोलता न येणाऱ्या मुलांसाठी ती सोयीची आहे. अडचण अशी की हालचाल आणि समजूत या गोष्टी पीएईडीतही मोजल्या जातात, त्यामुळे दुखणारे मूल दोन्हीकडे जास्त गुण मिळवते. अशा वेळी पीएईडीच्या पहिल्या तीन गोष्टींकडे, म्हणजे नजर, हेतू आणि भान यांच्याकडे पाहावे. वेदनेने रडणारे मूल बहुधा आईला ओळखते आणि तिच्याकडे हात पसरते, बेभान मूल तिला ओळखत नाही. वेदनाशामक दिल्यावर काय झाले हेही वेळेसह लिहावे.

या मोजपट्ट्या वापरणाऱ्या दोघा निरीक्षकांनी काम सुरू करण्यापूर्वी तीच मुले किंवा परवानगीने घेतलेली तीच चित्रफीत स्वतंत्रपणे पाहून गुण द्यावेत, आणि दोघांचे गुण जुळेपर्यंत सराव करावा.

पाचवी पायरी: घरी गेल्यावर

घरच्या नोंदी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी आणि मग एका महिन्याने घ्याव्यात, आणि ज्यांचा बदल टिकला आहे त्यांना सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे. पहिल्या तीन दिवसांत वागणे आणि वेदना वेगळी काढता येत नाही, म्हणून त्या दिवसांत पालकांसाठी असलेली १५ प्रश्नांची वेदना मोजपट्टी, पीपीपीएम, सोबत वापरावी. तिच्यात ‘नेहमीपेक्षा कमी खेळतो का’, ‘दुखणारा भाग जपतो का’ असे प्रश्न असतात, आणि ६ किंवा अधिक उत्तरे ‘हो’ आली तर वेदना दखल घेण्याइतकी आहे असे धरतात. अशा मुलाच्या बाबतीत आधी वेदनाशामकाचा डोस वजनानुसार आणि वेळेवर दिला जातो का, हे विचारायचे. पुष्कळ पालक ‘दुखलं तर द्या’ याचा अर्थ ‘अगदीच असह्य झालं तर द्या’ असा घेतात.

महाराष्ट्रात ही फोनची पायरी विशेष जपावी लागते. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांमधील तपासणीत सापडलेली मुले शस्त्रक्रियेसाठी घरापासून दूरच्या रुग्णालयात जातात, आणि टाके काढल्यानंतर ती पुन्हा त्या रुग्णालयाच्या दारात येतीलच असे नाही. निघताना दोन फोन क्रमांक घ्यावेत, शेतीच्या किंवा कामाच्या वेळा विचारून घ्याव्यात, आणि तीन वेळा फोन करूनही उत्तर मिळाले नाही तर ‘उत्तर नाही’ असे लिहावे. ‘बदल नाही’ असे लिहू नये. उत्तर न देणारी कुटुंबे आणि देणारी कुटुंबे वेगळी असू शकतात, त्यामुळे निष्कर्षात त्यांची संख्या सांगणे आवश्यक आहे.

आठ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलाला स्वतःलाही विचारावे. ‘रात्री काय दिसतं?’, ‘दवाखान्यातलं काय आठवतं?’ या साध्या प्रश्नांना मिळालेले उत्तर गुणांत बसत नसले तरी शब्दशः लिहून ठेवावे. चांगल्या अभ्यासांतही ही बाजू राहून जाते, आणि मुलाला नेमकी कशाची धास्ती बसली, मास्कच्या वासाची की हात धरणाऱ्या माणसाची, हे तिथूनच कळते.

सहावी पायरी: गुणांची बेरीज आणि तिचे फसवे रूप

२७ प्रश्नांत प्रत्येक ‘पूर्वीइतकेच’ ला ३ गुण धरले तर काहीही न बदललेल्या मुलाचे गुण ८१ येतात, त्याहून जास्त म्हणजे बिघाड, कमी म्हणजे सुधारणा. समजा, एका मुलात पाच गोष्टी ‘जास्त’, एक ‘खूपच जास्त’, तीन ‘कमी’ आणि अठरा ‘पूर्वीइतक्याच’ आहेत. बेरीज २० + ५ + ६ + ५४ म्हणजे ८५ येते, ८१ पेक्षा फक्त ४ ने अधिक. दुसऱ्या मुलात चार गोष्टी थोड्या ‘जास्त’ आणि बाकी सगळ्या तशाच असतील, तर त्याचेही गुण ८५ येतात. पहिल्या मुलात सहा गोष्टी बिघडल्या आणि तीन सुधारल्या, दुसऱ्यात चार बिघडल्या, आणि बेरीज मात्र सारखी. म्हणून एकूण गुणांसोबत बिघडलेल्या गोष्टींची संख्या, सुधारलेल्या गोष्टींची संख्या आणि सहाही गटांचे गुण स्वतंत्रपणे मांडावेत. काही प्रश्न लागू नसतील किंवा सुटले असतील तर बेरजेऐवजी सरासरी घ्यावी, जिथे ३ म्हणजे बदल नाही. किती गोष्टी बिघडल्या म्हणजे ‘बदल झाला’ म्हणायचे, ही व्याख्या सुरुवातीलाच लेखी ठरलेली असावी. एका जरी गोष्टीतला बिघाड मोजला तर टक्केवारी फुगते, आणि फार कडक व्याख्या घेतली तर त्रासलेली मुले निसटतात.

सुधारणा हीसुद्धा खरी असते. मोठ्या टॉन्सिलमुळे घोरणारे, झोपेत श्वास अडकणारे मूल शस्त्रक्रियेनंतर शांत झोपू लागते आणि दिवसा कमी चिडते. दाताच्या दुखण्यातून सुटलेले मूल नीट जेवू लागते. केवळ बिघाड शोधणारी नोंद हे चित्र अर्धेच दाखवते.

अर्थ लावताना शस्त्रक्रियेचा प्रकार समोर ठेवावा. टॉन्सिलनंतर आठवडाभर न जेवणारे मूल घसा दुखतो म्हणून जेवत नाही, आणि लघवीच्या मार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर ओले झालेले अंथरूण भीतीमुळे असेलच असे नाही. ऋतूचाही परिणाम होतो. शाळा बुडू नये म्हणून पालक अशा शस्त्रक्रिया दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत करून घेतात, आणि सुट्टीत मुलांच्या झोपण्याच्या, जेवणाच्या आणि हट्टाच्या सवयी तशाही बदलतात. शक्य असेल तर त्याच वयाच्या, त्याच काळात केवळ बाह्यरुग्ण विभागात येऊन गेलेल्या मुलांच्या पालकांना तेच प्रश्न विचारावेत. ही तुलना असली तर ‘हे सुट्टीमुळे असेल’ या शंकेला उत्तर देता येते.

परवानगी आणि जबाबदारी

संशोधनासाठी नोंदी घ्यायच्या असतील तर नीतिशास्त्र समितीची मान्यता आणि पालकांची लेखी संमती लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलांची लेखी अनुमतीही घ्यावी लागते. मुलांची नावे आणि चित्रफिती कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नयेत, नोंदवहीत क्रमांक वापरावा आणि नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवावी.

जो फोन करतो त्याला पुढे काय करायचे हे माहीत असलेच पाहिजे. मूल उठवून उठत नाही, श्वास घ्यायला त्रास होतो, पुन्हा पुन्हा उलटी होते, सहा-आठ तास लघवी झालेली नाही, आकडी आली, किंवा टॉन्सिलनंतर मूल सारखे काहीतरी गिळत आहे आणि तोंडातून रक्त येत आहे असे समजले, तर प्रश्नावली तिथेच थांबवून मुलाला ताबडतोब रुग्णालयात आणायला सांगावे. वागण्यातला सौम्य बदल पहिल्या दोन आठवड्यांत पुष्कळ मुलांत दिसतो आणि ओसरतो. या काळात मुलाला रागावू नये, अंथरूण ओले झाले म्हणून लाजवू नये, ‘ऐकलं नाहीस तर परत दवाखान्यात नेईन’ असे कधीही म्हणू नये, आणि डॉक्टर-डॉक्टर खेळायला मोकळीक द्यावी, हे पालकांना पहिल्याच फोनवर सांगावे. झोपेसाठी घरात पडलेले कोणतेही औषध स्वतःच्या मनाने देऊ नये, हेही स्पष्ट बजावावे. महिन्यानंतरही दुःस्वप्ने, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळून दाखवणे, शाळेला किंवा अंगणवाडीला जायला ठाम नकार, किंवा आधी येत असलेले बोलणे वा शौचावरचा ताबा सुटणे असे काही असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे. पालकांना स्वतःला बोलायचे असेल तर टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

मुलाच्या केस पेपरवर शेवटी पाच ओळी याव्यात: शस्त्रक्रियेपूर्वीचे वागणे, मास्कच्या वेळचे एम-वायपास गुण, शुद्धीवर येतानाचे सर्वोच्च पीएईडी गुण, चौदाव्या दिवशी बिघडलेल्या आणि सुधारलेल्या गोष्टींची संख्या, आणि महिन्यानंतर काय टिकले. मूल दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी परत आले, जसे फाटलेल्या टाळूच्या आणि वाकड्या पावलाच्या मुलांना पुन्हा पुन्हा यावे लागते, तर भूलतज्ज्ञाने या पाच ओळी आदल्या दिवशी वाचाव्यात, आणि आधीच शांत करणारे औषध द्यायचे का, आईला सोबत आत घ्यायचे का, सुई आधी की मास्क आधी, हे त्यांवरून ठरवावे.